घेऊन जा गे मारबत, पण सुतळी ठेवून जा

1942 साली पाब्लो पिकासोनं सायकलचं एक जुनं सीट घेतलं, त्यावर सायकलचंच हॅन्डल शिंगं म्हणून बसवलं आणि या जोडणीला 'बैलाचं डोकं' असं नाव दिलं. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. कलासमीक्षक या बैलापुढं आजही मान तुकवतात. नागपूरच्या महाल भागातल्या सात वर्षांच्या पोट्ट्याला त्याचा फोटो दाखवला, तर तो मान वगैरे तुकवणार नाही. तो दोनच प्रश्न विचारेल. "याची चाकं कुठं गेली?" आणि "याच्यावर बोजारा भेटते का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नागपुरात पोळा दोन दिवसांचा असतो. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, पोरांचा. तो तान्हा पोळा. तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडाचा असतो. तो पाटावर उभा असतो, पाटाला चाकं असतात आणि दोरी धरून त्याला घरोघर ओढत न्यायचं असतं. ज्या घरी बैल जाईल तिथं बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. तो बोजारा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगितलं जातं. 1803 च्या देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड हातचं गेल्यावर राजाला पोरांच्या बैलांकडं बघायला सवड मिळाली असेल, तर त्यात नवल नाही. राज्याचा आकार घटला, पण बोजाऱ्याचं क्षेत्रफळ तेव्हापासून वाढतच गेलं आहे.

पिकासोच्या त्या बैलासारखी, हाताशी सापडतील त्या वस्तू एकमेकांना जोडून कलाकृती उभी करायची, या प्रकाराला पाश्चात्त्य कलाजगात असेम्ब्लाज म्हणतात. त्याची सुरुवात साधारण 1912 च्या आसपासची धरतात. पिकासोनंच त्या वर्षी एका चित्रात वेताच्या खुर्चीच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि चौकटीच्या जागी चक्क दोर गुंडाळला. फ्रेंच चित्रकार झां द्युब्युफे यानं 1950 च्या दशकात या प्रकाराला नाव दिलं आणि 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याचं मोठं प्रदर्शन भरवून त्याच्यावर शिक्का मारला. मधल्या काळात रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकारानं 1955 पासून 1959 पर्यंत पेंढा भरलेल्या एका अंगोरा बकऱ्याशी झटापट केली आणि अखेर त्याच्या कमरेत टायर अडकवलं. तो बकरा सध्या स्टॉकहोमच्या संग्रहालयात सुखानं उभा आहे. नागपुरात एवढं लांबलं नसतं. पहिल्याच दिवशी बकरा सावजीच्या खानावळीत गेला असता आणि टायर पंक्चरवाल्याच्या दारात लटकलं असतं.

अलीकडं या कलेनं निसर्गाची वाट धरली आहे. वाळकी फांदी, तिला दोरा, दोऱ्याला बी, बीखाली दगड आणि दगडाखाली पाटी: 'मानवी नात्यांचा शोध'. कलादालनात लोक अशा कलाकृतीपुढं हात मागं बांधून उभे राहतात, दोन पावलं मागं सरकतात, डोकं तिरकं करतात आणि शेजारी उभ्या असलेल्या जिवंत माणसाकडं ढुंकूनही न पाहता पुढच्या नात्याकडं सरकतात. एखादे नागपूरकर काका तिथं चुकून शिरले, तर ते मात्र शांतता मोडतात. "हे कायले बांधून ठेवलं बे?" असं ते मोठ्यानं विचारतात, मग आणखी दोघं-तिघं जमतात, आणि त्या दालनात दिवसभरात पहिल्यांदा मानवी नात्याला सुरुवात होते.

काकांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यांचं सगळं आयुष्य पानं, कमच्या, धांडे आणि सुतळ्या जोडण्यात किंवा जोडणाऱ्यांना सल्ला देण्यात गेलं आहे. फक्त त्याखाली पाटी लावायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पळसाचंच घ्या. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, हे मराठी माणूस जग फिरण्याआधीच शिकतो आणि मग जग फिरायचा खर्च वाचवतो. या तीन-तीन पानांच्या झाडानं विदर्भातल्या कित्येक पिढ्यांना जेवू घातलं. पानाच्या कडेला पान ठेवायचं, बारीक काडीनं टाचायचं, गोल फिरत जायचं, की पत्रावळ तयार. वाकवून टाचलं की द्रोण. ब्रिटनमधला अँडी गोल्डस्वर्दी हा नामवंत कलावंतही पानांना पानं काट्यांनी टाचतो. पण तो ती नदीत सोडतो किंवा जागीच ठेवतो, फोटो काढतो आणि त्या फोटोंची देखणी पुस्तकं निघतात. विदर्भातल्या आज्यांनी हेच काम केलं, पण त्यावर वरण-भात वाढला गेल्यामुळं फोटो काढायचं राहून गेलं.

शिवाय या आज्यांच्या कलाकृतीला जी परीक्षा होती, ती कुठल्याही परदेशी परीक्षक मंडळाला सुचली नसती. द्रोणात रस्सा वाढायचा आणि पंगतीतल्या सगळ्यात खडूस व्याह्यापुढं तो ठेवायचा. थेंबभर जरी धोतरावर आला, तरी पुढची वीस वर्षं त्या सोयरिकीत तो द्रोण चर्चेत राहायचा. म्हणूनच पत्रावळीआधी द्रोण लावून ठेवतो तो जावई शहाणा, असं जुनी माणसं म्हणत. द्रोणाला अखंड पान लागतं. ते आधी बाजूला काढलं, तर फाटकी-तुटकी पानं पत्रावळीत खपवता येतात. कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत जायच्या आधी महाराष्ट्रातल्या जावयांची ही प्रवेश परीक्षा होऊन गेलेली असायची.

लग्नघरी पत्रावळी शेकड्यांनी लागत. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं. पानं आणणारे वेगळे, काड्या तासणारे वेगळे, आणि टाचायला बसणाऱ्या बाया तर अख्ख्या आळीतल्या. त्या बैठकीत नवरीच्या सासूचा स्वभाव, नवऱ्याचा पगार, मागच्या लग्नातलं मीठ कमी असलेलं वरण हे सगळं पानांबरोबरच टाचलं जाई. दोन घरांत अबोला असेल, तरी काडी मागायला तोंड उघडावं लागे. अबोल्याचं वय बहुधा तिथंच संपत असे.

या जोडकामाची गोम याच मागण्यात आहे. विकत आणलेल्या वस्तूसाठी माणूस दुकानात जातो, "कितीला?" विचारतो, पैसे देतो, घरी येतो. संवाद संपला. पळसाचं पान, ज्वारीचा धांडा, बांबूची कमची, जुनं लुगडं, पावशेर सुतळी या गोष्टी मागाव्या लागतात. मागायला गेलं की बसावं लागतं, बसलं की चहा होतो, चहा झाला की शेजाऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते, आणि सुतळी हातात पडेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. कार्यक्षमतेच्या दृष्टीनं ही पद्धत भयानक आहे. शेजारधर्मासाठी मात्र नागपूरला याहून चांगली पद्धत अजून सापडलेली नाही.

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याच्या दिवशी पळसाच्या फांद्या दारापुढं ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पोरं घराघरांपुढचे मेढे गोळा करतात आणि आरडाओरडा करत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. घरातली रोगराई, माश्या-मच्छर, इडापीडा त्या फांद्यांबरोबर गेली असं मानायचं. प्रत्येक घराची एक फांदी आणि सगळ्यांचा मिळून एक ढीग. दारापुढचा मेढा उचलताना हा पाटलाचा आणि हा सालदाराचा, असा फरक पहाटेच्या अंधारात कुणाला करता येत नाही, आणि इडापीडाही तो करत नाही.

नागपूर शहरानं हीच गोष्ट घेतली आणि तिला हातपाय, डोळे आणि भलंमोठं तोंड दिलं. ती मारबत.

पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाने तेली समाजाची. तिची परंपरा 1885 पासूनची सांगतात. काळी मारबत इतवारीत नेहरू पुतळ्याच्या परिसरातली आणि ती चार वर्षांनी मोठी, 1881 ची. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर कापड आणि कागद, बांधायला सुतळी, वरून रंग, दागिने, साडी. सगळा व्यवहार भर पावसाळ्यातला, त्यामुळं कलाकृतीइतकीच काळजी तिच्यावरच्या ताडपत्रीची घ्यावी लागते. मारबत काही दिवस आधीच तयार होऊन बसते. पिवळीपुढं बाया लेकराबाळांना घेऊन येतात, पूजा करतात, आजारपण ने म्हणतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी दोघींच्या मिरवणुका निघतात, नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते आणि ती पाहायला इतवारीतल्या गच्च्या वाकतील एवढी माणसं जमतात. इतवारीत ज्याची गॅलरी रस्त्यावर आहे, त्याला वर्षभर कुणी विचारलं नाही तरी चालतं. त्या दिवशी त्याचे मावसभाऊ, मावसभावाचे साडू आणि साडूच्या ऑफिसातले साहेब, सगळे रक्ताच्या नात्यानं हजर होतात.

काळ्या मारबतीची गोष्ट लोक अशी सांगतात. दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई. नागपूरचे तेव्हाचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई केली आणि ती हरले. पुढं इंग्रजांनी अल्पवयीन तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवलं आणि बाकाबाईच्या हाती घरचा कारभार आला. ती इंग्रजांना मिळाली हा राग लोकांच्या मनात राहिला आणि काळी मारबत ही तिचीच प्रतिमा, असं मानलं गेलं. कुणी तिला पूतना मावशीही म्हणतात. बाकाबाई 1858 मध्ये वारली. त्यानंतर तेवीस वर्षांनी लोकांनी तिची मारबत काढायला घेतली आणि अजून काढतात. राग धरावा तर नागपूरकरानं. इतरांचा राग संध्याकाळपर्यंत जातो. इथं तो दरवर्षी ताज्या बांबूवर नव्यानं बांधला जातो, नवी साडी नेसवून, वाजतगाजत. इतिहासकार बाकाबाईविषयी याहून नरमाईनं लिहितील, पण इतिहासकारांच्या पुस्तकांपुढं बँड वाजत नाही.

मारबतीच्या मागून निघतात ते बडगे. बडग्या म्हणजे पुतळाच, पण याला परंपरेचं बंधन नाही. यंदा ज्याचा राग येईल त्याचा बडग्या. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, रस्त्यातले खड्डे, दहशतवादी, पुढारी, परदेशी पाहुणे. बांबू, पेंढा, गोणपाट, फाटकी पँट, फुटकं मडकं, जुनी टोपी, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा, असं घराघरातून जमवून तो उभा करतात. गळ्यात पाटी अडकवतात. न्यूयॉर्कच्या संग्रहालयानं 1961 मध्ये ज्याला मान्यता दिली, ते इतवारीतली पोरं त्याआधीपासून विनापरवाना करत होती.

बडग्या कुणाचा करायचा, यावर मोहल्ल्यात जी सभा भरते, ती मात्र एखाद्या अधिवेशनाला लाजवेल अशी असते. एक गट म्हणतो, महागाई. दुसरा म्हणतो, महागाई दरवर्षीच असते, यावर्षी काहीतरी नवीन पाहिजे. तिसरा गट आपल्या वॉर्डातल्या नालीचा बडग्या सुचवतो. नालीचं तोंड कसं दाखवायचं, यावर तासभर जातो. एखादे निवृत्त मास्तर भाषा सभ्य ठेवा म्हणून सांगतात आणि मग स्वतःच सगळ्यात झोंबणारी ओळ सुचवतात. शेवटी ज्याच्या घरी बांबू आहे, त्याच्या मताप्रमाणं होतं. लोकशाहीत कच्च्या मालाला किती महत्त्व आहे, हे त्या रात्री सगळ्यांना कळतं.

मग सुरू होतं मागणं. "काकू, जुनं लुगडं आहे का?" "भाऊ, सुतळी दे ना थोडी." "अबे, त्याच्याकडं रंग उरला असन मागच्या दिवाळीचा, जा घेऊन ये." या मागण्यात एक जुनी थकबाकी हमखास बाहेर येते. सुतळी हा मोहल्ल्यातला सर्वांत नाजूक विषय आहे. मागच्या वर्षी नेलेलं बंडल परत आलेलं नसतं, आणि येणारही नसतं, कारण ते बडग्याच्या पोटात होतं आणि बडग्या जळाला. सुतळीची मालकीण हे जाणते, तरी विचारते. पोरंही जाणतात, तरी "आणून देतो ना, काकू" म्हणतात. हा करार दोन्ही बाजूंनी मोडण्यासाठीच केलेला असतो आणि दरवर्षी नव्यानं केला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या घरातून आजवर एक गोणपाट, एक छत्रीची दांडी आणि वडिलांचा न शोभणारा कोट असा ऐवज वेगवेगळ्या बडग्यांच्या अंगावर गेला आहे. कोट गेला तेव्हा वडील गॅलरीत उभे होते. त्यांनी तो ओळखला. शेजाऱ्यांनीही ओळखला. बडग्या भ्रष्टाचाराचा होता. घरात दोन दिवस कुणी विषय काढला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून आजतागायत दुसरा विषय निघालेला नाही.

मिरवणूक गल्ल्यागल्ल्यांतून जाते तेव्हा "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी उठते. काय घेऊन जायचं, ते ज्याचं त्यानं पुढं जोडायचं. खोकला, ताप, डास, कर्ज, घरभाडं. एकाच्या तक्रारीला दहा अनोळखी माणसं साथ देतात, आणि त्यातल्या एकालाही त्या तक्रारीचं कारण विचारावंसं वाटत नाही. शेवटी मारबत आणि बडगे शहराबाहेर नेण्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणं जाळले जातात. वर्षाचं काम अर्ध्या तासात राख होतं. जतन करायचं म्हटलं असतं तर समिती नेमावी लागली असती, आणि समिती नेमली असती तर दुसऱ्या वर्षी दोन समित्या झाल्या असत्या. वस्तू उरत नाही म्हणून तिच्यावर मालकीही उरत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच काकूंकडं सुतळी मागायला जाता येतं.

2020 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळं नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही. रोगराई घेऊन जाणारीलाच रोगराईमुळं घराबाहेर पडता येईना.

सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात, म्हणजे 1863 पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, काचेआड ठेवलेल्या कितीतरी वस्तू आहेत. त्यातली एकही मारबत नाही, आणि नसावी हेच बरं. काचेआडची मारबत काय नेणार?

मारबतीचा धुरळा बसतो न बसतो, तोच पंधरवड्यानं मुलींचा नंबर लागतो. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, आणि त्यांच्या डोक्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याची ही विदर्भातली बहीण. फरक एवढाच की तिकडं हत्तीभोवती फेर धरतात आणि इकडं भुलाबाईपुढं टिपऱ्या वाजवत बसतात. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखली नाही तर उघडायची नाही, अशी धमकी यजमान मुलगी देते, पण ती स्वतःही भुकेली असल्यामुळं धमकी फार वेळ टिकत नाही.

आता धंतोलीत किंवा त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानं ज्वारीचे धांडे कुठून आणायचे? मॉलमध्ये भुलाबाईच्या टिपऱ्या मिळतात, लायटिंग मिळतं, खिरापतीचे तयार डबेही मिळतील. धांडे मिळत नाहीत. ते उमरेडच्या, सावनेरच्या किंवा काटोलच्या मामाला फोन करूनच मागावे लागतात. मामा वर्षभर फोनवर सापडत नाही, पण धांड्यांचा विषय निघाला की लगेच उचलतो. धांडे एसटीनं येतात. कंडक्टर सामानाचे पैसे मागतो, मामा त्याला भुलाबाईचं महत्त्व सांगतो, कंडक्टर आपल्या मुलीची भुलाबाई सांगतो, आणि शेवटी धांडे तिकिटाविना गणेशपेठेच्या स्टँडवर उतरतात. त्याबरोबर मामीनं दिलेला सरकी-तेलाचा डबा आणि लग्नाला आलेल्या पोरीचं स्थळही उतरतं. मखराला पाच धांडे लागतात. बाकीचं सगळं त्या पाच धांड्यांना बांधून आलेलं असतं.

बांबूनं तर माणसं जोडण्याचं हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. मेळघाटातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू आदिवासींना तिथं बांबूपासून वस्तू घडवायला शिकवलं जातं, आणि त्यांच्या बांबूच्या राख्या मेळघाटाबाहेर दूरवर पोचल्या. सुनील देशपांडे 2021 मध्ये गेले. काम चालू आहे. कमचीची राखी मनगटावर बांधून घेतलेल्या भावांना पहिले दोन दिवस ती टोचते, असं म्हणतात. बहिणीच्या आठवणीसाठी हे चांगलंच आहे.

इकडं पत्रावळीचा इतिहास मात्र गमतीदार वळणानं गेला. थर्मोकोलच्या ताटल्या आल्या, तेव्हा पळसाची पत्रावळ मागासलेली ठरली. मग 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवरही बंदी घातली. तोवर म्युनिककडच्या एका कंपनीनं पानं टाचून केलेल्या ताटल्या युरोपात आणल्या होत्या, आणि त्या बातमीचे दुवे नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत 'पाहा, जर्मनीला कळलं!' अशा मथळ्यांनी फिरत होते. ज्यांच्या आज्यांनी जन्मभर पत्रावळी लावल्या, ते नातू त्या दुव्यांखाली टाळ्या वाजवणारे हात टाकत होते. लग्नात पत्रावळ आता पुन्हा दिसते, पण 'पर्यावरणपूरक' या नावानं, यंत्रानं दाबलेली आणि खाली कागद लावलेली. तिला काडी नाही. म्हणजे ती टाचायला कुणाला बोलवावं लागत नाही, आणि आळीतल्या दोन घरांतला अबोला आता बिनबोभाट चालू राहू शकतो.

तान्ह्या पोळ्याच्या बैलाचंही थोडं असंच होऊ पाहतंय. बाजारात तो सजवूनच मिळतो. बेगड, बाशिंग, झूल, घुंगरं सगळं लावलेलं, वरून प्लास्टिकचं वेष्टन. पूर्वी आजोबांच्या काळातला सागवानी बैल माळ्यावरून उतरे, त्याचा एक कान गेलेला असे, त्याच्यासाठी झूल शिवायला आईचा जुना ब्लाउज आणि घुंगरांसाठी शेजारच्या ताईचं पैंजण मागावं लागे. शेजारची ताई पैंजण देताना पन्नासदा बजावायची आणि मग पैंजणावर लक्ष ठेवायला म्हणून बैलाबरोबर सगळीकडं फिरायची. बोजाऱ्यातही तिचा वाटा पडे. सजवून मिळणाऱ्या बैलाबरोबर ताई येत नाही.

तेव्हा कलादालनात मानवी नात्यांचा शोध घेणाऱ्यांना प्रस्तुत लेखकाचा सल्ला एवढाच, की फांदी आणि दोरा दुकानातून आणू नका. एकदा एखाद्या परक्या माणसाच्या दारात उभं राहून मागून आणा. कलाकृती बिघडली तरी चालेल.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात असाल, तर सकाळीच इतवारीत जा. गाडी लांब लावा, नेहरू पुतळ्याच्या आसपास तिला जागा मिळणार नाही. रस्त्यावर गॅलरी असलेला एखादा नातेवाईक आठवत असेल तर आदल्या दिवशीच त्याला फोन करा आणि नात्याची आठवण करून द्या. दुपारी घरी परता आणि सुट्टे पैसे काढून ठेवा. बैल घेऊन दारात आलेल्या पोट्ट्याला दोनशेची नोट दाखवली, तर तो ती घेतो, पण त्याचे सुट्टे देत नाही.